इंग्रजीतली चूक, मराठीचा नियम



आजचा विषय इंग्रजी वाक्यांतील चुकांचा आहे, तेव्हा प्रस्तावना न करता एक वाक्यच समोर ठेवतो. ‘आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स टेन इयर्स.’ हे वाक्य नोकरीच्या अर्जात सापडते, मुलाखतीत ऐकू येते. स्पर्धा परीक्षेत त्याचे चार तुकडे करून विचारतात: चूक कोणत्या भागात आहे? क्लासला जाणारा विद्यार्थी पटकन सांगतो, ‘सिन्स’ नको, ‘फॉर’ हवे. ‘ॲम लिव्हिंग’ नको, ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे. उत्तर अचूक असते, गुणही मिळतात. पण तोच विद्यार्थी महिन्याभराने मुलाखतीला बसतो आणि स्वतःविषयी बोलताना पुन्हा ‘सिन्स टेन इयर्स’ म्हणून जातो. नियम तोंडपाठ असतो आणि चूक जागची हलत नाही. निष्काळजीपणा म्हणावे तर निष्काळजीपणा दर वेळी एकाच ठिकाणी कसा घडेल? बुद्धी कमी म्हणावी तर याच मुलाने गणिताचा पेपर उत्तम सोडवलेला असतो. म्हणजे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

माझे म्हणणे असे, की अशा बहुतेक चुका म्हणजे मराठीच्या नियमांचे काटेकोर पालन असते. विद्यार्थी नियम मोडत नाही. तो एक नियम पाळतो, फक्त तो दुसऱ्या भाषेचा असतो. आणि या चुका कुठेही पडत नाहीत. मराठी जिथे एकाच वाटेने जाते आणि इंग्रजीला फाटा फुटतो, तिथे त्या पडतात. मराठीत एक रूप दोन कामे करते, इंग्रजीत त्या दोन कामांना दोन रूपे असतात, आणि आपला माणूस नेमका त्या फाट्यावर चुकतो. हे खरे असेल, तर इंग्रजीतली चूक ओळखण्याची आणि सुधारण्याची सर्वांत जवळची वाट मराठी व्याकरणातून जाते. आज आपण ती वाट जवळजवळ बंद केली आहे.

हा विचार कोल्हापुरात मांडण्याला कारण आहे. या शहराचे इंग्रजीशी नाते जुने आहे. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. ज्यांच्या इंग्रजी भाषणांची दखल पुढे कलकत्त्यापासून लंडनपर्यंत घेतली गेली, ते गोपाळ कृष्ण गोखले याच कॉलेजात शिकले. विनायक कृष्ण गोकाक इथे प्राचार्य होते आणि पुढे ते हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले; भारतीयांना इंग्रजी कसे शिकवावे हाच त्या संस्थेचा विषय होता. पण त्या काळातले इंग्रजी मूठभरांचे होते. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, त्यामुळे शाळेची दारे ज्यांना उघडली त्यांची नातवंडे-पतवंडे आज इंग्रजीत परीक्षा देतात. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झाले, महाविद्यालये तालुक्याच्या गावी पोहोचली. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. घरात ज्यांच्याशी कोणी कधी इंग्रजी बोलले नाही, अशी मुले आता इंग्रजी लिहितात. त्यांची चूक ही व्याकरणाची गोष्ट राहत नाही. ‘इंग्रजी कच्चे आहे’ हा शेरा हळूहळू त्या मुलाच्या गावावर, घरावर आणि अकलेवर जाऊन बसतो. म्हणून चूक कुठून येते हे नीट कळणे केवळ वैयाकरणांच्या कामाचे नाही.

चुका मोजण्याची हौस मात्र जुनीच. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०७ साली एक अख्खे पुस्तक भारतीयांच्या इंग्रजी लेखनातील चुकांवर काढले. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण घरोघरी गेले आणि आज परीक्षांची गाइडे बाजारात ढिगाने मिळतात. या पुस्तकांची मांडणी पाहिली तर नाम, सर्वनाम, क्रियापद, शब्दयोगी अव्यय अशी इंग्रजी व्याकरणाच्या प्रकरणांप्रमाणे चुकांची वाटणी केलेली दिसते. त्यात गैर काही नाही; पुस्तक सबंध देशासाठी असते, त्याला तमिळ, पंजाबी आणि मराठी वाचक सारखेच. पण त्यामुळे एकाच कारणाने झालेल्या चार चुका चार प्रकरणांत विखुरतात, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला शेकडो नियम पाठ करायचे आहेत. त्याला खरे तर दहा-बारा फाटे ओळखायचे असतात.

आता पुरावा पाहू. सुरुवातीचे वाक्य मराठीत म्हणा: ‘मी दहा वर्षांपासून कोल्हापुरात राहतो आहे.’ वाक्य निर्दोष आहे. आता दुसरे म्हणा: ‘मी २०१५ पासून कोल्हापुरात राहतो आहे.’ हेही निर्दोष. पहिल्यात काळाची लांबी सांगितली, दुसऱ्यात काळाचा आरंभ सांगितला, पण मराठीला दोन्हीकडे ‘पासून’ चालते. इंग्रजी इथे फुटते: लांबीला ‘फॉर’, आरंभाला ‘सिन्स’. दुसरा फाटा क्रियापदाचा. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेली गोष्ट मराठी सरळ वर्तमानकाळात सांगते, इंग्रजी तिच्यासाठी ‘हॅव बीन’चे वेगळे रूप ठेवते. म्हणजे त्या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीच्या शुद्ध वाक्यातून जशाच्या तशा उतरल्या आहेत. आता फ्रेंच माणसाकडे पाहा. त्याच्या भाषेत ‘दप्युई’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि क्रियापद वर्तमानकाळी असते. जर्मन माणसाचा ‘झाइट’ तसाच. इंग्रजी शिकताना फ्रेंच आणि जर्मन विद्यार्थी हुबेहूब आपलीच चूक करतात. पॅरिस आणि बर्लिनच्या मुलांची अक्कल आपण काढत नाही. फाटा तोच, म्हणून चूक तीच.

दुसरा पुरावा जोडवाक्यांचा. ‘जरी तो गरीब असला, तरी प्रामाणिक आहे.’ मराठीला अशा वाक्यात दोन टोके लागतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा. एक टोक सोडले तर पुष्कळदा वाक्य लंगडे वाटते. त्या सवयीने विद्यार्थी लिहितो, ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.’ इंग्रजीला एकच टोक पुरते; ‘ऑल्दो’ आल्यावर ‘बट’ नको. गाइडात ही चूक उभयान्वयी अव्ययांच्या प्रकरणात एका ओळीचा नियम म्हणून येते. तो नियम पाठ करणाऱ्याला हे कळत नाही की ‘ॲज इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम’ ही त्याच्या वहीतली दुसरी चूकही याच घरची आहे. चिनी भाषेतही ‘जरी’ आणि ‘तरी’ची अशीच जोडी असते आणि ‘ऑल्दो… बट’ ही चिनी विद्यार्थ्यांची प्रसिद्ध चूक आहे.

तिसरा पुरावा प्रश्नाचा. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची उलथापालथ करावी लागत नाही. ‘तू कुठे जातोस?’ हा प्रश्न. ‘तू कुठे जातोस ते सांग’ या वाक्याच्या पोटात तोच प्रश्न त्याच क्रमाने बसतो. इंग्रजीत उघड्या प्रश्नाला सहायक क्रियापद पुढे येते आणि पोटातल्या प्रश्नात ते पुन्हा मागे जाते. मराठी विद्यार्थी त्यामुळे दोन्हीकडून चुकतो. उघडा प्रश्न तो ‘व्हाय यू आर लेट?’ असा करतो, आणि क्लासमध्ये ‘प्रश्नात क्रियापद पुढे’ हे घोटून घेतले की ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ असे लिहू लागतो. दुसरी चूक पहिलीच्या उपचारातून जन्मते. फाटा न दाखवता नियम शिकवला की असे होते. फाट्याची एकच बाजू विद्यार्थ्याच्या हाती लागते.

चौथा पुरावा आपल्या ‘ला’ प्रत्ययाचा. ‘मी त्याला पैसे दिले’ आणि ‘मी मुंबईला गेलो’ यांचे इंग्रजी करताना ‘टू’ येतो, आणि ते बरोबर असते. म्हणून ‘ला’ म्हणजे ‘टू’ असे गणित पक्के होते. मग ‘मी त्याला सांगितले’, ‘मी त्याला विचारले’, ‘मी त्याला भेटलो’, ‘मी स्टेशनला पोहोचलो’ यांतून ‘टोल्ड टू हिम’, ‘आस्क्ड टू हिम’, ‘मेट टू हिम’, ‘रीच्ड टू द स्टेशन’ अशी रांग लागते. शिक्षक चारही ठिकाणी लाल गोल काढतो आणि विद्यार्थ्याला चार स्वतंत्र चुका दिसतात. चूक एकच आहे. ‘ला’ सगळीकडे सारखा आहे, इंग्रजी क्रियापदांत मात्र काहींना ‘टू’ लागतो आणि काहींना थेट कर्म चालते. एवढे सांगून अशा क्रियापदांची यादी समोर ठेवली, तर चार नियमांच्या जागी एक उरतो.

हे सगळे पुरावे एका बाजूचे झाले. सिद्धांत खरा असेल तर उलट बाजूही जमली पाहिजे: मराठीत दोन रूपे आणि इंग्रजीत एक, अशा ठिकाणी आपल्याकडून चूक होता कामा नये. तसेच घडते. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तिन्हींना ‘यू’. इथे मराठी माणूस कधी अडखळत नाही. अडखळतो तो मराठी शिकणारा इंग्रज, कारण त्याच्यासाठी फाटा इकडे आहे; ते टेबल, ती खुर्ची आणि तो पंखा असे का, हे त्याला जन्मभर छळते. आणखी एक कसोटी ‘ही’ आणि ‘शी’ची. बोलीतल्या चिनीत आणि बंगालीत तो-ती हा भेद सर्वनामात नाही, आणि इंग्रजी बोलताना ‘ही’च्या जागी ‘शी’ जाण्याची चूक त्या भाषकांकडून होते. मराठीत हा भेद आहे, आणि आपल्याकडे ही चूक शोधून सापडत नाही. भाषा बदलली की चुकीची जागा बदलते, यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप भाषाविज्ञानातूनच येतो. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली दोन भाषांची तुलना करून चुका आधीच ओळखता येतील असे मांडले. सत्तरच्या दशकात त्यावर जोरदार टीका झाली. ड्यूले आणि बर्ट यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचे इंग्रजी तपासून दाखवले, की मातृभाषेतून आलेल्या चुका त्यात फारच थोड्या होत्या. बहुतेक चुका इंग्रजी शिकणारे कोणतेही मूल करील अशा होत्या. हा आक्षेप मी उडवून लावत नाही, कारण आपल्याकडेही त्याला पुरावा आहे. ‘ही गो टू स्कूल’ ही चूक घ्या. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात. पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणे क्रियापद बदलण्याची आपली सवय इंग्रजांपेक्षा कितीतरी दांडगी. मग ‘गोज’चा ‘स’ गळतो कसा? तो मराठीमुळे गळत नाही. आय, यू, वी, दे या सर्वांना ‘गो’ चालते आणि एकट्या तृतीय पुरुषी एकवचनालाच शेपूट लागते, हा इंग्रजीचाच विक्षिप्तपणा आहे आणि जगभरचे विद्यार्थी तिथे घसरतात. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड’ ही चूक तर इंग्रजांच्याही हातून होते; क्रियापदाच्या शेजारचे अनेकवचन त्याला ओढून घेते.

पण या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, त्याला मर्यादा पडते, आणि ती मर्यादा उपयोगी आहे. ड्यूले आणि बर्ट यांनी तपासलेली बहुतेक मुले अमेरिकेत राहत होती. शाळेत, दुकानात, मैदानात इंग्रजी त्यांच्या कानावर सतत पडत होते. आपला विद्यार्थी इंग्रजी वर्गात शिकतो, पुस्तकातून शिकतो आणि वर्गाबाहेर पडला की दिवसभर मराठीत जगतो. त्याच्याकडे आधार म्हणून एकच व्याकरण असते. म्हणून आपल्याकडे चुकांची दोन पोती वेगळी करावी लागतील. एक उदाहरण पाहा. ‘हिज हेअर आर व्हाइट’ लिहिणाऱ्याच्या मागे ‘त्याचे केस पांढरे झाले’ हे अनेकवचन उभे आहे. ‘द न्यूज आर गुड’मागे ‘बातम्या’ आहेत, ‘ॲडव्हाइसेस’मागे ‘सल्ले’. पण कोणी ‘इन्फर्मेशन्स’ लिहिले तर मराठीला दोष देता येत नाही, कारण ‘माहिती’चे अनेकवचन आपणही करत नाही, तिथे विद्यार्थ्याने इंग्रजीचाच अनेकवचनाचा नियम जादा ताणला आहे. पहिल्या तिघांना मराठीशी तुलना हेच औषध, चौथ्याला इंग्रजीचा अधिक सराव. भाषाविज्ञानाचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हेच सांगितले होते, की शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमांचा पुरावा असतो. पुरावा नीट वाचायचा तर दोन्ही भाषा समोर हव्यात.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो. ते म्हणतात, मराठीशी तुलना करत बसलो तर मुले भाषांतर करत राहतील, इंग्रजीत विचार करणार नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि पुढे त्याच पद्धतीला जुनाट ठरवून वर्गातून मराठी हद्दपार करण्याची रीत पडली. भाषांतर पद्धतीत दोष होता हे खरे. मराठी वाक्य बरोबर इंग्रजी वाक्य, अशी समीकरणे घोटून घेतली की ‘ला’ बरोबर ‘टू’ हेही समीकरण होऊन बसते. पण मराठी बोलायचे बंद केले म्हणून मुलाच्या डोक्यातले भाषांतर थांबत नाही. ते शिक्षकाच्या नजरेआड चालू राहते, एवढाच फरक. तुलना आणि भाषांतर या वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतर समीकरण मांडते, तुलना ते कुठे मोडते ते दाखवते. मला पाठमालेकडे परत जायचे नाही. पाठमालेने जी जागा मोकळी सोडली ती भरायची आहे.

ती कशी भरता येईल याचे उदाहरण म्हणून ‘अ’ आणि ‘द’ घेतो, कारण मराठी माणसाला सर्वांत जास्त छळणारी ही जागा. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून नियम पाठ करा, असे सांगून शिक्षक मोकळा होतो. पण उपपद नसले तरी त्यामागचा भेद मराठीत नाही असे कोण म्हणेल? ‘आम्ही मुलगी पाहतोय’ म्हणजे मुलासाठी स्थळ शोधतोय, मुलगी अजून ठरलेली नाही. ‘आम्ही मुलीला पाहतोय’ म्हणजे एक ठरावीक मुलगी नजरेसमोर आहे. एका ‘ला’ने फरक पडला. ‘बस आली’ म्हणजे ज्या बसची वाट पाहत होतो ती. ‘एक बस आली, पण भरलेली होती’ म्हणजे कुठलीशी. हा भेद कोल्हापूरच्या स्टँडवर उभा असलेला प्रत्येक माणूस दिवसभर बिनचूक करतो. फक्त मराठीत तो दर नामापाशी सांगावा लागत नाही, इंग्रजीत बहुतेक ठिकाणी सांगावाच लागतो. म्हणून विद्यार्थ्याला एवढीच सवय लावायची: एकवचनी सामान्यनाम लिहिले की थांबायचे आणि विचारायचे, ऐकणारा यावर ‘कोणता?’ असे विचारील का? विचारील, तर ‘अ’. त्याला आधीच ठाऊक असेल, तर ‘द’. सगळे उपनियम यात बसत नाहीत; नद्यांची, पर्वतांची आणि वर्तमानपत्रांची नावे शेवटी पाठच करावी लागतात. पण रोजच्या लिखाणातल्या पुष्कळ जागा या एका प्रश्नाने सुटतात, आणि तो प्रश्न मराठीतून आलेला आहे.

तिसरा आक्षेप अगदी उलट दिशेचा. चूक म्हणायचे कशाला? ब्रज काचरू यांच्यासारख्या विद्वानांनी भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र घडण असल्याचे दाखवून दिले आहे. ‘आय केम यस्टरडे ओन्ली’मधला ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. तो लाखो माणसे वापरतात, सर्वांना कळतो, मग त्याला लाल शाई कशाला? यात तथ्य आहे, आणि कोल्हापुरात ते समजायला अडचण पडू नये. इथल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. घरात, बाजारात त्याला कोणी चूक म्हणत नाही, म्हणूही नये. पण तीच बाई कचेरीत अर्ज लिहिताना ‘मी आले’ लिहिते, कारण जागेची रीत वेगळी. इंग्रजीलाही हाच न्याय लावावा. बोलण्यातला ‘ओन्ली’ राहू द्यावा, आणि अर्ज, करार, शोधनिबंध यांत काय लिहायचे हे त्यासोबत शिकवावे. बोली आणि प्रमाण यांत ये-जा करायची तर दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसायला हवा, आणि तो दाखवण्याचेच काम तुलना करते. शिवाय काही चुका रीतीच्या नसतात, अर्थाच्या असतात. त्यांना कोणतीही घडण पाठीशी घालू शकत नाही.

अशी एक चूक जवळून पाहा. उसनवारीच्या तक्रारीत मराठी माणूस सांगतो, ‘तो म्हणाला, की मी पैसे देईन.’ पैसे कोण देणार? तो. मराठी दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच तोंडचे ठेवते. ‘की’च्या पुढचा ‘मी’ म्हणजे बोलणारा ‘तो’. आता हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत घाला: ‘ही सेड दॅट आय विल पे द मनी.’ इंग्रजीत ‘दॅट’ आले की पुढचा ‘आय’ म्हणजे लिहिणारा स्वतः. फिर्यादीने आपल्याच अर्जात पैसे देण्याची जबाबदारी आपल्यावर घेतली. हवे होते ‘ही सेड दॅट ही वुड पे’. मराठीत सर्वनाम आणि काळ दोन्ही मूळ बोलणाऱ्याच्या जागेवर राहतात, इंग्रजीत दोन्ही सांगणाऱ्याच्या जागेवर सरकतात. शाळेत हा धडा ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणून गुणांसाठी घोटला जातो, आणि ‘नाऊ’चा ‘देन’ करा, ‘टुडे’चा ‘दॅट डे’ करा अशी यंत्रवत उलटापालट शिकवली जाते. हा दोन भाषांतला खरा फाटा आहे, आणि इथे चुकलो तर कागदावर माणूस बदलतो, ही गोष्ट मात्र सांगायची राहते.

याच वाक्यात चौथ्या आक्षेपाचे उत्तर आहे. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये चुका दाखवणारे सॉफ्टवेअर आहे, चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. ‘सिन्स टेन इयर्स’ आणि ‘टोल्ड टू हिम’ या चुका यंत्र पकडते, आणि ती सोय नाकारण्यात शहाणपण नाही. पण ‘ही सेड दॅट आय विल पे द मनी’ या वाक्याखाली यंत्र रेघ कशाच्या जोरावर ओढणार? वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. पैसे कोणी द्यायचे ठरले होते हे त्या वाक्यातून यंत्राला कळत नाही, लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. तसेच ‘व्हेन आय रीच्ड, द मीटिंग स्टार्टेड’ हे वाक्य. मी पोहोचलो आणि मग सभा सुरू झाली, असे म्हणायचे असेल तर ते ठीक आहे. मी पोहोचलो तेव्हा सभा सुरू झालेली होती, असे म्हणायचे असेल तर ‘हॅड स्टार्टेड’ हवे. एवढे एकच वाक्य दिले तर यंत्राने कोणता अर्थ धरावा? म्हणजे यंत्र जसजसे हुशार होईल तसतशा वरवरच्या चुका कमी होतील, आणि माणसाला स्वतः ओळखाव्या लागणाऱ्या चुका या अर्थाच्याच उरतील. त्या ओळखायला आपल्या मनातले मराठी वाक्य आणि कागदावरचे इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागते.

मग करायचे काय? इंग्रजीच्या शिक्षकाने वहीतल्या चुका इंग्रजी प्रकरणांप्रमाणे न वाटता तीन ढिगांत वाटाव्या: मराठीच्या नियमाने झालेल्या, इंग्रजीच्या आडवळणाने झालेल्या आणि नुसत्या घाईत झालेल्या. तिसऱ्या ढिगावर वेळ दवडू नये. विद्यार्थ्याला पुन्हा वाचायला सांगितले की तो आपणच त्या दुरुस्त करतो. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक चुकीशेजारी मराठी वाक्य लिहून फाटा दाखवावा, आणि एका आठवड्याला एकच फाटा घ्यावा. वहीभर लाल शाई ओतून काय साधते, याविषयी जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली घेतलेली शंका अजून वादात आहे, पण कारण न सांगता केलेली दुरुस्ती टिकत नाही हे परीक्षेनंतरची मुलाखत दाखवतेच. आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या चुका गोळा करून त्यांची अशी वर्गवारी करण्याचे काम इथल्या महाविद्यालयांतल्या इंग्रजी आणि मराठी विभागांनी मिळून करावे. त्याला पैसा फारसा लागत नाही. दोन विभागांनी एका टेबलाशी बसावे लागते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिले तोवर मराठी स्वतःच्या पायांवर उभी होती. शंभराहून अधिक वर्षे आपल्याजवळ आपल्या भाषेचे इतके बारीक वर्णन आहे आणि इंग्रजी शिकवताना आपण ते कपाटात ठेवतो. प्रयोग, विभक्ती, काळ हे धडे मराठीच्या पेपरात थोड्या गुणांसाठी उरले आहेत, आणि पालकांना ते वेळेचा अपव्यय वाटतात, कारण पोराचे इंग्रजी सुधारायचे असते. ज्या मुलाला ‘पासून’ काय करतो, ‘ला’ काय करतो, ‘की’च्या पुढचा ‘मी’ कोण असतो हे मराठीत सांगता येत नाही, त्याला इंग्रजीतली चूक कोणीतरी दाखवावी लागते, आणि दाखवणारा नसला की ती पुन्हा होते. ज्याला ते सांगता येते तो आपली चूक आपण पकडतो. इंग्रजीच्या काळजीपोटी आपण मराठी व्याकरणाचे तास कमी करत आलो. इंग्रजीच्याच काळजीपोटी ते वाढवावेत, एवढी मागणी करून मी थांबतो.